काळी दाढी आणि मागे पडलेलं घड्याळ

पाण्यातली बाग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमच्या हॉलमध्ये तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी झाडांची टाकी दोन वर्षांपासून आहे. पुढे क्रिप्टोकोरिन, लाकडावर ॲन्युबियस आणि जावा फर्न, मागे रोटाला आणि व्हॅलिसनेरिया. वीस निऑन टेट्रा मासे आणि तळाशी फिरणारे आठ कोरी मासे. 60 वॅटचा एलईडी दहा तास असतो. झाडांसाठी सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, सिलिंडर आहे. लाइटला आणि सीओटूला वेगवेगळे टायमर आहेत. सीओटू सकाळी 8 ते संध्याकाळी 7, लाइट 10 ते 8.

संक्रांतीच्या सुमारास ॲन्युबियसच्या पानांच्या कडांवर काळे, केसाळ गुच्छ दिसायला लागले. आता लाकूड, फिल्टरच्या नळीचं तोंड, सगळीकडे तेच. दुकानातून औषध आणून दोनदा टाकलं. पानं कापली. एकदा सगळं पाणी काढून बोअरचं पाणी भरलं. खत पूर्ण बंद केलं. सकर मासा आणला. पंधरा दिवसांत परत तेच. सीओटू बरोबर आहे, कारण संध्याकाळी सातला घरी येतो तेव्हा ड्रॉप चेकर (पाण्यातल्या सीओटूप्रमाणे रंग बदलणारी कुपी) हिरवा असतो. रात्री दहाच्या सुमारास मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात, पण तो वेगळा विषय आहे, त्याबद्दल पुन्हा लिहीन.

घरचे म्हणतात, मोडून टाका. माझे बाबा 82 वर्षांचे आहेत. त्यांना आता वाचता येत नाही, टाकी तेवढी दिसते. दिवसभर तिच्यासमोर बसतात. काय करू?
— विश्रामबाग, सांगली

उत्तर : मोडू नका. आणि रात्री दहाचा तो विषय वेगळा नाही. तुमचं पत्र मी तिथेच थांबून पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

आधी शेवाळ कोणतं ते पक्कं करून घेऊ. एक गुच्छ चिमट्यानं उपटा. सहज निघणार नाही, पानाचा तुकडा घेऊनच येईल, आणि तीच त्याची पहिली खूण. स्टीलच्या वाटीत थोडं सर्जिकल स्पिरिट घेऊन त्यात तो गुच्छ तासभर ठेवा. काळा-हिरवा रंग उतरून गुच्छ लालसर झाला, तर ती काळी दाढीच, म्हणजे आपण सगळे ज्याला ब्लॅक बिअर्ड किंवा बीबीए म्हणतो ते. हे शेवाळ वनस्पतिशास्त्रात लाल शेवाळांच्या गटात मोडतं. त्यात हरितद्रव्य असतं, आणि त्याच्याबरोबर एक लाल रंगद्रव्यही असतं. हरितद्रव्य स्पिरिटमध्ये विरघळून जातं, लाल मागे राहतं. मी कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काम केलं. ही वाटी विद्यार्थ्यांसमोर ठेवली की दर वर्षी दोन-तीन पोरं तरी घरी जाऊन स्वतः करून बघायची. तुम्ही बाबांना दाखवा. रंग बदलताना त्यांना दिसेल.

तुमच्या पहिल्या पत्रावर मी उलट तीन प्रश्न पाठवले होते. सकाळी लाइट लागतो त्या क्षणी ड्रॉप चेकरचा रंग कोणता असतो? टायमर कोणत्या जातीचे आहेत आणि कोणत्या बोर्डवर लावलेत? आणि टायमरची चकती किती वाजलेत म्हणते?

तुमचं दुसरं पत्र आठ दिवसांत आलं. रविवारी सकाळी दहाला तुम्ही टाकीसमोर उभे राहिलात, ड्रॉप चेकर निळा होता, म्हणजे पाण्यात सीओटू कमी. दोन्ही टायमर चकतीचे, भोवती बारीक खुंट्या असलेले. लाइटचा टायमर इन्व्हर्टरच्या बोर्डवर, कारण वीज गेल्यावर बाबा अंधारात बसू नयेत. सीओटूचा साध्या बोर्डवर. आणि सीओटूच्या टायमरची चकती 9:40 दाखवत होती, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दुपारचा 1 वाजला होता.

हे वाचून मी खुर्चीतून उठलेच.

बघा काय झालंय. चकतीचा टायमर म्हणजे विजेवर फिरणारं साधं घड्याळ. वीज गेली की ते जागच्या जागी थांबतं, आली की थांबलं होतं तिथून पुढे चालू लागतं. वीज पंधरा मिनिटं गेली, तर टायमर पंधरा मिनिटं मागे पडला. तुम्ही तो दिवाळीत लावलात आणि त्यानंतर पाहिला नाहीत. तेव्हापासून थोडी थोडी करत गेलेली वीज त्या चकतीवर साठत गेली आणि 3 तास 20 मिनिटं झाली. लाइटचा टायमर इन्व्हर्टरवर, म्हणून तो बरोबर वेळेवर. तुमच्या मनात सीओटू 8 ला सुरू होतो. खरा सुरू होतो 11:20 ला. लाइट मात्र ठरल्याप्रमाणे 10 ला लागतो. म्हणजे दिवसाचे पहिले तास झाडांवर 60 वॅटचा उजेड आहे आणि पाण्यात सीओटू नाही. पाण्यात तो पुरेसा साठायलाही सुरू झाल्यावर तास-दोन तास लागतातच. तोवर दुपार उलटते. संध्याकाळी सातला तुम्ही येता तेव्हा चेकर हिरवाच दिसणार, खोटं काहीच नाही त्यात. पण तो सकाळची साक्ष देत नाही. त्यातला रंग पाण्याच्या मागे तास-दोन तास चालतो.

आणि 7 ला बंद व्हायचा सीओटू बंद होतो रात्री 10:20 ला. लाइट 8 ला गेलेला. अंधारात झाडं सीओटू घेत नाहीत, उलट माशांसारखीच प्राणवायू वापरतात. वरून सिलिंडर चालूच. म्हणून दहाला तुमचे निऑन वर येतात. त्यांना दम लागतोय. ही गोष्ट शेवाळापेक्षा तातडीची आहे. हे वाचून झाल्यावर मासिक खाली ठेवा आणि आधी टायमर नीट करा.

कसा करायचा तेही सांगते, कारण बाबांचा उजेड जाता कामा नये. लाइट साध्या बोर्डवर आणू नका. सीओटूचा टायमरच इन्व्हर्टरच्या बोर्डवर घ्या. सिलिंडरचा गॅस चालू-बंद करणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हला चार-पाच वॅट लागतात, इन्व्हर्टरला ते जाणवणारही नाही. जमलं तर फिल्टरही तिथेच घ्या. बोर्डवर जागा नसेल तर चांगल्या प्रतीचा एक्स्टेंशन बोर्ड वापरा, आणि वायरचा झोळ प्लगच्या पातळीखाली लोंबता ठेवा, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगपर्यंत जाणार नाही. दुसरा उपाय म्हणजे आत स्वतःची बॅटरी असलेला डिजिटल टायमर. वीज गेली तरी त्याचं घड्याळ चालू राहतं. मी स्वतः दोन्ही केलंय, आणि तरीही दर एक तारखेला दोन्ही टायमर भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघते. कॅलेंडरवर त्या दिवशी दूधवाल्याचा हिशेब असतो, त्याच्याच खाली लिहिलंय.

वेळाही बदला. सकाळी दहाला घरात बाबांशिवाय कुणी नसतं, आणि संध्याकाळी आठला, सगळे घरी असताना, टाकी विझते. लाइट दुपारी 2:30 ते रात्री 8:30 ठेवा, सहाच तास. सीओटू 12:30 ते 7:30. अडीचला लाइट लागेल तेव्हा चेकर हिरवा झालेला हवा. पिवळा दिसला तर सीओटू जास्त होतोय, रेग्युलेटर थोडा बंद करा. मासे वर आले तर रंग काहीही असो, ताबडतोब कमी करा. सकाळी बाबांना टाकी दिसावी म्हणून तिच्यावर लाइट नको, हॉलमधला साधा दिवा पुरेल. निऑन तर मंद उजेडात जास्त सुंदर दिसतात. त्यांची निळी रेघ अंधाऱ्या पाण्यात जशी चमकते तशी 60 वॅटखाली चमकत नाही.

ड्रॉप चेकरबद्दल एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, ती विचारून ठेवते. आत टाकीचंच पाणी भरलंय का? भरलं असेल तर ओता. त्यात 4 डीकेएच क्षारतेचं तयार द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लूचे थेंब घालायचे असतात. मग हिरवा रंग म्हणजे लिटरला साधारण 30 मिलिग्रॅम सीओटू, हा हिशेब लागू पडतो. आपल्याकडच्या जड बोअरच्या पाण्यानं चेकर भरला तर तो हिरवा होईपर्यंत माशांच्या जिवावर बेतलेलं असतं.

बोअरचं पाणी टाकीतही नको. नळाला कृष्णेचं पाणी येतं आणि ते बोअरपेक्षा पुष्कळ हलकं असतं. झाडं-मासे एका पाण्याला सरावलेले असताना एका दिवसात सगळं काढून जड पाणी भरणं हा त्यांना धक्काच. दर आठवड्याला निम्मं पाणी बदला, नळाचंच, त्यातलं क्लोरिन घालवून. फक्त पावसाळ्याच्या तोंडाशी, नदीला पहिलं लाल पाणी येतं त्या दिवसांत, नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास उग्र येतो. तेव्हा आठ दिवस पाणी बदललं नाही तरी चालेल.

आता त्या औषधाकडे येते. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचलंत का? शेवाळ मारायच्या कित्येक औषधांत तांबं असतं. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याही टाकीत हेच शेवाळ आलं. मी दुकानातून निळसर रंगाचं औषध आणलं आणि बाटलीवरच्या मापानं घातलं. माझ्याकडे तेव्हा तीस-पस्तीस कोळंब्या होत्या, बोटाच्या पेराएवढ्या, काचेसारख्या. चारच्या सुमारास घातलं. रात्री जेवून आले तर त्या काचेवर चढून पाण्याबाहेर यायला बघत होत्या. मी अर्धं पाणी बदललं, पुन्हा अर्धं बदललं. सकाळी एकही शिल्लक नव्हती. काळी दाढी जशीच्या तशी होती. तांबं कोळंबीला आणि गोगलगायीला सहन होत नाही, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं आणि तरीही मी बाटली वाचली नाही. त्या सकाळपासून माझ्या घरात शेवाळावरची बाटली आली नाही. तुमच्याकडे कोळंबी नाही, आणि कोरी वाचले. पण दोनदा घातलं असेल तर फिल्टरमध्ये दोन आठवडे कोळसा ठेवा, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बन, आणि मगच पुढचं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण बरेच जण विचारतात : टाकी चार दिवस अंधारात ठेवली तर? काळ्या दाढीवर ते चालत नाही, आणि हे मी हौसेनं करून पाहिलेलं नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आमच्या सांगलीच्या गावभागातल्या घरात खाली पाणी शिरलं. टाकी वरच्या मजल्यावर होती, ती वाचली, पण वीज सहा दिवस नव्हती. आम्ही सगळे वरच. शेजारचे दोघंजण आमच्याकडे, खिडकीतून नाव दिसते आहे, पोरं रडतायत, आणि मी दर दोन तासांनी एका तांब्यानं टाकीतलं पाणी उंचावरून टाकीतच ओतत होते, माशांना हवा मिळावी म्हणून. शेजारच्या काकू म्हणाल्या, तू झोप, मी ओतते, आणि रात्री दोन ते चार त्यांनी ओतलं. सहाव्या दिवशी वीज आली आणि लाइट लावला. काचेवरचं हिरवं शेवाळ जवळजवळ गेलं होतं. तळाशी वाळूवर थोडी निळी-हिरवी साय धरली होती, घाण वासाची, ती तर पूर्ण गेली. रोटाला पिवळी पडून वितळली होती. लाकडावरची काळी दाढी मात्र सहा दिवस अंधारात राहून जशी होती तशीच उभी होती, पाण्याबरोबर हलत. तेव्हा अंधाराचा उपाय दुसऱ्या शेवाळांसाठी ठेवा. यात झाडंच आधी मरतात.

मग ही दाढी काढायची कशी? वेळ नीट झाल्यावर नवीन येणं थांबेल. जुनी आपणहून गळणार नाही, ती तुम्हाला काढावी लागेल. ॲन्युबियसची जी पानं निम्मी काळी झालीत ती देठापासून कापा, पण एका वेळी तीन-चारच. ॲन्युबियसला नवं पान काढायला आठवडे लागतात. सगळी कापलीत तर झाड उघडं पडेल. लाकूड आणि फिल्टरची नळी बाहेर काढता येत असेल तर काढा आणि ताठ ब्रशनं घासा. ॲन्युबियसच्या मुळ्या लाकडाला घट्ट बसल्या असतील तर लाकूड जागेवरच राहू द्या.

उरलेल्या गुच्छांसाठी औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड. आपल्याकडे मिळणारी बाटली बहुतेक 6 टक्क्यांची असते, लेबल बघून घ्या. तुमच्या टाकीत वाळू, लाकूड वजा जाता दीडशे लिटर पाणी धरा. त्याला एका वेळी 15 मिलिलिटर, याच्या वर नाही. फिल्टर बंद करा, पाणी स्थिर होऊ द्या. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये भरून टोक गुच्छाच्या अगदी जवळ न्या आणि थेंब थेंब सोडा. बघाल, केसांच्या मधून बारीक बुडबुड्यांची रांग निघते. सोड्याच्या बाटलीत काडी बुडवल्यावर निघते ना, तशी. दहा मिनिटांनी फिल्टर चालू. पुन्हा दोन दिवसांनी, दुसऱ्या भागावर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गुच्छ गुलाबी होईल, मग पांढुरका, आणि मग मासेच तो कुरतडतील. जिवंत असताना त्याला न शिवणारे कोरीसुद्धा मेलेला खातात. हातमोजे घाला, पेरॉक्साइडनं कातडी पांढरी पडते आणि चुरचुरते.

लिक्विड कार्बन म्हणून जे मिळतं, त्यात ग्लुटाराल्डिहाइड असतं. हॉस्पिटलात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात तेच. त्यानं दाढी मरते हे खरं. तुमची व्हॅलिसनेरियाही वितळेल. घरात वयस्कर माणूस टाकीसमोर बसतो, त्या बाटलीची वाफ नकोच. मी तरी तुमच्या घरात ती येऊ देणार नाही.

लाइटही निम्म्यावर आणा. मंद करायची सोय नसेल तर दिवा सहा-आठ इंच वर टांगा. सीओटू तोच राहून उजेड कमी झाला की झाडांची भूक आणि पुरवठा यांचा मेळ बसायला सोपं जातं. नव्या पानांवर गुच्छ येत नाहीत असं सलग दीड महिना दिसलं, तर मग अर्धा अर्धा तास वाढवा.

खत. तुम्ही ते बंद केलंत, आणि बरेच जण करतात. वाटतं, शेवाळ खतावर जगतं, खत काढलं की मरेल. शेवाळाला लागणारं अन्न इतकं थोडं असतं की ते माशांच्या विष्ठेतून, कुजल्या पानांतून त्याला मिळतंच. उपाशी झाडंच पडतात. तुमची रोटाला खालून पिवळी पडत असेल, आणि जुन्या पानांवर दाढी आधी धरते हे तुम्ही पाहिलंच आहे. खत सुरू करा. त्यासाठी छोट्या बाटलीला पाचशे रुपये घालवू नका. तुम्ही लिहिलंय की चुलतभावाची तासगावला द्राक्षबाग आहे. त्याच्याकडे ठिबकमधून सोडायची पाकिटं असतीलच. 13:0:45 म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. 0:52:34 म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. हीच दोन खतं रंगीत बाटल्यांतून आपल्याला विकली जातात. पांढरे, रंग न घातलेले दाणे बघून घ्या. दीडशे लिटरला आठवड्यातून तीनदा 13:0:45 दीड ग्रॅम. यानं एका वेळी पाण्यात लिटरला सहा मिलिग्रॅम नायट्रेट वाढतं. 0:52:34 फक्त 0.15 ग्रॅम, त्यानं लिटरला 0.7 मिलिग्रॅम फॉस्फेट. इतकं मोजायला सोनाराचा छोटा काटा लागतो, किंवा 0:52:34 चे दीड ग्रॅम शंभर मिलिलिटर पाण्यात विरघळवून त्यातलं दहा मिलिलिटर घाला. लोह आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं तेवढी अक्वेरियमचीच घ्या.

19:19:19 घेऊ नका. त्यात युरिया आणि अमोनियमही असतं, आणि अमोनियमवर शेवाळ उठतं, मासे बसतात. आणि भावाला एक सांगून ठेवा : ज्या डब्यात, ज्या चमच्यानं मोरचूद मोजला त्यानं हे मोजायचं नाही. द्राक्षावर फवारतात त्या बोर्डो मिश्रणातला मोरचूद म्हणजे तांबंच. डब्याच्या तळाला चिकटलेली निळी कणीसुद्धा, उद्या तुम्ही कोळंबी आणलीत तर, पुरेशी आहे.

शेवटची गोष्ट बाबांची, आणि ती मी जपूनच लिहिते. दुसऱ्या पत्रात तुम्ही लिहिलंत की दिवसातून तीन-चारदा ते चिमूटभर दाणे टाकतात, मासे त्यांच्या बोटाकडे येतात म्हणून. वाळूत कुजणारं अन्न हा त्या दाढीचा दुसरा आधार आहे. पण त्यांना नको म्हणू नका. गोळ्यांच्या डबीत सकाळी दिवसभराचं अन्न तुम्ही मोजून ठेवा, निऑनना दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि तीन चिमटीत घालू द्या. डबी रिकामी झाली की झाली. दाणे चुरून ठेवा. चिमूट तेवढीच वाटते, आत निम्मंच असतं. माझी आई शेवटच्या वर्षात हेच करायची, आणि तिच्या बोटांचा आवाज काचेवर झाला की मासे रांगेनं यायचे.

सकरची गोष्ट दोन ओळींत. तो काळी दाढी खात नाही, आणि त्याचं पोट मोठं आहे, म्हणजे घाणही मोठी. दाढी खाणारा मासा म्हणजे सायामीज अल्गी ईटर. त्याच्या अंगावरची काळी रेघ शेपटीच्या टोकापर्यंत जाते, आणि पर बिनरंगी असतात. पिवळसर परांचा असेल तर तो फ्लाइंग फॉक्स, तो फार खात नाही. खराही मोठा झाला की दाण्यांना सोकावतो. आधी टायमर, मग मासा.

दोन महिन्यांत पूर्वीसारखी टाकी होईल असं मी म्हणणार नाही. दोन महिन्यांत ॲन्युबियसला दोन-तीन नवी पानं आलेली असतील. ती स्वच्छ आहेत का, एवढं मला कळवा.

प्रश्न : टाकी नवी आहे, दीड महिना झाला. पाणीच हिरवं झालंय, मासे दिसेनासे झालेत. आमच्याकडे कासचं पाणी येतं, मऊ आणि स्वच्छ. रोज निम्मं पाणी बदलते तरी दुसऱ्या दिवशी हिरवं. टाकी दक्षिणेच्या खिडकीजवळ आहे.
— सातारा

उत्तर : पाण्याचा दोष नाही, खिडकीचा आहे. तुमच्या टाकीतलं शेवाळ काचेला चिकटणारं नाही, पाण्यात एकेक पेशी सुटी तरंगतेय. म्हणून रोज निम्मं काढलं तरी उरलेलं निम्मं रात्रीतून दुप्पट होतं. टाकी नवी असल्यानं फिल्टरमध्ये जिवाणू अजून पुरते बसलेले नाहीत, अमोनिया थोडा राहतोय, त्यावर हे पोसतं.

वर मी ज्या अंधाराच्या उपायाला नको म्हटलं तो इथे चालतो. निम्मं पाणी बदला, मग टाकीभोवती सगळ्या बाजूंनी जाड चादर किंवा घोंगडी गुंडाळा, वरूनही, फट ठेवू नका. लाइट बंद, अन्न बंद, हवेचा पंप चालू. चार दिवस आत डोकावू नका. पाचव्या दिवशी काढा, पाणी निम्मं बदला, मेलेलं शेवाळ फिल्टरच्या स्पंजात अडकलेलं असेल तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा. नळाखाली धुतलात तर त्यातले जिवाणू क्लोरिननं मरतील आणि पुन्हा पहिले पाढे. टाकी खिडकीपासून हलवता येत नसेल तर मागच्या काचेला काळा कागद लावा. हिवाळ्यात दक्षिणेचं ऊन तिरपं आत येतं, तेव्हा जास्तच काळजी घ्या.

प्रश्न : माझा सकर फूटभर झालाय. टाकी दोन फुटांची. कृष्णेत घाटावरून सोडला तर चालेल का? तिथे त्याला भरपूर शेवाळ मिळेल.
— मिरज, इयत्ता आठवी

उत्तर : नाही रे बाळा, सोडू नकोस. तुला त्याची दया आली म्हणून विचारलंस, ते कळतंय. पण हा मासा दक्षिण अमेरिकेतला आहे. त्याच्या अंगावर हाडांचं कवच असतं, म्हणून आपल्या नदीतल्या माशांना तो खाता येत नाही. काठाच्या मातीत बिळं करून तो अंडी घालतो. भारतातल्या कित्येक नद्या-तलावांत लोकांनी असेच सोडले आणि आता मच्छीमारांच्या जाळ्यात तेच येतात, जाळी फाडतात. कृष्णेला आपले स्वतःचे शेवाळ खाणारे मासे आहेत, दगडाला चिकटून राहणारे, बोटभर लांबीचे. हरिपूरला संगमाजवळ उन्हाळ्यात पाणी निवळ असतं तेव्हा दगडापाशी गुडघे टेकून बस, दिसतील.

टाकीतली कापलेली झाडंही नदीत किंवा नाल्यात टाकायची नाहीत. जलपर्णीसुद्धा कुणीतरी शोभेची म्हणूनच आपल्या देशात आणली होती. ती झाडं उन्हात वाळवून कुंडीत घाल, तुळशीला उत्तम खत होतं.

सकरसाठी आईबाबांना घेऊन जिथून आणला त्या दुकानात जा. मोठ्या टाकीवाले गिऱ्हाईक त्यांना ठाऊक असतात. नेताना पिशवीत नको, तो काट्यांनी पिशवी फोडतो. झाकणाची बादली घे, निम्मी भर, आणि वर ओलं फडकं टाक.